फुटलेली अक्षरे कशी वाचावीत : पडद्यावरील देवनागरीची पाठचिकित्सा

पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे एखादे मराठी पान संगणकावर उघडावे आणि मथळ्याच्या जागी छोट्या रोमन ‘ए’ची रांग दिसावी. प्रत्येक ‘ए’च्या डोक्यावर एक कललेली रेघ, मागे चार शिंगे फुटलेले बारीक वर्तुळ, मध्येच जपानी येनचे चिन्ह, कुठे अंशाचे शून्य, कुठे पाऊण दाखवणारा अपूर्णांक. दुसऱ्या एखाद्या पानावर अक्षरे देवनागरीच असतात, पण पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली असते. तिसऱ्या ठिकाणी ठिपक्यांची वर्तुळे. चौथ्या ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हे.

बहुतेक वाचक असे पान मिटून टाकतात. इतिहासाची आवड असणाऱ्याने ते मिटू नये, असे मला वाटते. यातील प्रत्येक विकृती ठरावीक कारणाने आणि ठरावीक काळात निर्माण झालेली आहे. कारण ओळखता आले, तर मजकूर साधारण केव्हा लिहिला गेला, कोणत्या साधनावर लिहिला गेला आणि पुढे त्याच्यावर काय बेतले, हे पुष्कळ अंशी सांगता येते. आजचा धागा या वाचनाविषयी आहे. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

ही पद्धत नवी नाही. पोथ्या नकलून घेणारे लेखनिक चुका करीत आणि त्या चुकांनाही एक शिस्त असे. ‘भ’चा ‘म’ होई, ‘घ’चा ‘ध’ होई, ‘प’ आणि ‘य’ यांची अदलाबदल होई, कारण ती अक्षरे डोळ्याला सारखी दिसतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम आरंभले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकर यांनी त्याचे संपादकत्व सांभाळले आणि १९६६ साली ते काम पुरे झाले. त्या साऱ्या खटाटोपाचा पाया हाच होता की, नकलाकारांच्या चुकांची जात ओळखली म्हणजे कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हे कळते. संगणक हादेखील एक लेखनिक आहे. तो कंटाळत नाही, पण चुकतो, आणि चुकला की सर्वत्र एकाच पद्धतीने चुकतो. पाठचिकित्सा करणाऱ्याला याहून सोयीचा लेखनिक मिळणार नाही.

सर्वांत खालच्या थरापासून सुरुवात करू. १९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ हे वर्णमानक प्रसिद्ध झाले. त्यात एकूण १२८ जागा होत्या आणि इंग्रजी मजकुराची सोय एवढाच त्याचा हेतू होता. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. आणि त्या यादीत ‘क’ला क्रमांकच नव्हता. १९९०च्या दशकात मराठी छपाई संगणकावर आली, तेव्हा यावर एक चतुर तोड काढण्यात आली. क्रमांक रोमन अक्षराचाच ठेवायचा, पण फॉन्टमध्ये त्या जागी देवनागरीचा तुकडा कोरायचा. श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव ही या पिढीतील प्रसिद्ध नावे.

यांपैकी कृतिदेवाचे उदाहरण घेऊ. या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द उमटवायचा असेल, तर संगणकाच्या स्मृतीत साठवली जातात ती अक्षरे अशी : छोटा ई, छोटा जे, छोटा के, मोठा बी, छोटा एच. ‘के’ म्हणजे काना. म्हणून फॉन्ट हरवलेल्या कृतिदेवी मजकुरात ‘के’ हे अक्षर ठायीठायी दिसते. एकदा हे ध्यानात आले की, तो निरर्थक वाटणारा रोमन गोंधळ नुसत्या नजरेनेही ओळखता येतो.

येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे. ‘किती’ हा शब्द याच फॉन्टमध्ये एफ, डी, आर, एच असा साठवला जातो. यातील ‘एफ’ ही पहिली वेलांटी, आणि ती ‘क’च्या आधी आलेली आहे. टंकलेखन यंत्रावर ती आधीच मारावी लागे, कारण कागदावर ती डावीकडे उमटते. ‘धर्म’मधला रफार मात्र ‘म’ उमटवल्यानंतर मारला जातो. म्हणजे या फॉन्टांचा क्रम हा डोळ्यांचा क्रम आहे. उच्चारात ‘क्’ आधी आणि ‘इ’ नंतर येतो, ‘र्’ आधी आणि ‘म’ नंतर येतो, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. हा विरोध पुढे फार महागात पडला.

याच सुमारास अनेक मराठी वृत्तपत्रे संकेतस्थळांवर आली आणि प्रत्येकाने आपापला फॉन्ट आणला. ‘अक्षरे नीट दिसत नसल्यास आमचा फॉन्ट उतरवून घ्यावा’ ही सूचना त्या काळातील वाचकांना पाठ झाली असेल. १९९७ साली आलेल्या नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर यांच्या चौथ्या आवृत्त्यांत पानाबरोबर फॉन्टही आपोआप पाठवण्याची सोय झाली. पण दोघांची रीत वेगळी, आणि एकाचा फॉन्ट दुसऱ्याला चालत नसे. आज इंटरनेट अर्काइव्हसारख्या संग्रहांत त्या काळातील पाने सापडतात, पण पान जतन झाले म्हणजे त्याचा फॉन्टही जतन झाला असेल, याची शाश्वती नसते. मोडीची आठवण यावी अशीच ही स्थिती आहे. कागद शाबूत, शाई शाबूत. वाचणारा उरलेला नाही. फरक इतकाच की, मोडी वाचणारे संपत यायला काही पिढ्या लागल्या, आणि हे सारे वीस वर्षांत घडले.

या गोंधळाच्या आधीपासूनच एक शहाणा मार्ग उपलब्ध होता, हे सांगितले पाहिजे. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूर येथे भारतीय लिपींसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित झाले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये ते पुढे वाढले. त्यातूनच ‘इस्की’ हे मानक आले. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ते स्वीकारले. त्यामागची कल्पना इतिहासप्रेमींना विशेष आवडावी अशी आहे. देवनागरी, बंगाली, गुजराती, तमिळ, कानडी या साऱ्या लिपी ब्राह्मीच्या लेकी. तेव्हा वर्णमाला एकच धरायची, ‘क’ला सर्व लिपींत एकच क्रमांक द्यायचा, आणि तो क्रमांक कोणत्या रूपात दाखवायचा हे नंतर ठरवायचे. साठवण उच्चाराच्या क्रमाने, दर्शन लिपीच्या नियमाने. माझ्या मते विसाव्या शतकात लिपीविषयी भारतात झालेल्या विचारांत हा एक अत्यंत मूलगामी विचार होता, आणि त्याची चर्चा फारच थोडी होते.

ही मांडणी युनिकोडने उचलली. १९९१च्या ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, त्यात भारतीय लिपींची रचना इस्कीच्या १९८८च्या मसुद्यावर बेतलेली होती. प्रत्येक लिपीला १२८ जागांचा स्वतंत्र वाडा मिळाला, पण वाड्यातील खोल्यांचा क्रम सर्वत्र तोच राहिला. ब्राह्मीचे नाते असे क्रमांकांतही टिकले.

आता त्या भलत्या जागी बसलेल्या वेलांटीकडे येऊ. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर येते. पडद्यावर दाखवताना ती उचलून डावीकडे आणून बसवणे हे संगणकाचे काम. विंडोज २००० या प्रणालीत हे काम करणारी व्यवस्था आली आणि तिच्यासोबत ‘मंगल’ हा फॉन्ट आला. तो घडवणारे रघुनाथ कृष्ण जोशी हे सुलेखनकार, आयआयटी मुंबईतील अध्यापक आणि मराठीतील कवी. पुढची अनेक वर्षे संगणकावरील मराठी म्हणजे जोशींच्या हातचे वळण, असे समीकरण होते. ते कुणाचे वळण आहे हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसे.

२००१ साली विंडोज एक्सपी आली, तेव्हा ही व्यवस्था संगणकात आपोआप चालू नव्हती. एक खूण करून, प्रणालीची तबकडी घालून ती बसवून घ्यावी लागे. ज्यांनी बसवली नाही, त्यांना अक्षरे दिसत, पण साठवणीच्या क्रमाने दिसत. ‘किल्ला’मधील वेलांटी ‘क’ सोडून ‘ल’च्या डोक्यावर झुकलेली, आणि ‘ल्ल’चा पाय मोडून तो सुटा पडलेला. त्या काळातील एखाद्या पडद्याचे छायाचित्र तुमच्या हाती लागले आणि त्यात वेलांट्या अशा सरकलेल्या असल्या, तर मजकूर निर्दोष आहे आणि दोष फक्त पाहणाऱ्या यंत्राचा आहे, असे समजावे.

ठिपक्यांच्या वर्तुळाचा अर्थ निराळा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना स्वतःचे आसन नसते. ती कुठल्यातरी अक्षरावर बसतात. आसन सापडले नाही की संगणक ठिपक्यांचे वर्तुळ काढून विचारतो, ‘हे कुणाचे?’ पहिली वेलांटी असलेल्या अक्षरांपाशीच अशी वर्तुळे सतत दिसत असतील, तर मजकूर जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये आणताना वेलांटीची जागा बदलायची राहून गेली, असा तर्क करता येतो. डोळ्यांचा क्रम उच्चाराच्या क्रमात बदलताना झालेली ती जखम आहे. येथे दोष मजकुरातच शिरलेला असतो, आणि दुसऱ्या संगणकावर नेऊन तो जात नाही.

मग ती ‘ए’ची रांग कुठून येते? १९९२च्या सप्टेंबरमध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात बसून ‘यूटीएफ-८’ या साठवण पद्धतीचा आराखडा केला. या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. हे तीन बाइट एकत्र वाचायचे, हे यंत्राला सांगायचे राहून गेले की ते प्रत्येक बाइट सुटा घेते आणि पश्चिम युरोपीय भाषांच्या यादीत शोधते. जपानमध्ये अनेक वर्णपद्धती एकाच वेळी नांदत असल्यामुळे हा प्रकार तिथे फार लवकर परिचयाचा झाला आणि त्याला ‘मोजिबाके’ असे नाव पडले. अक्षराने रूप पालटणे, असा त्याचा अर्थ.

‘मराठी’ हाच शब्द या भिंगाखाली धरून पाहा. पाच चिन्हे, पंधरा बाइट. प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट म्हणजे तो डोक्यावर रेघ असलेला ‘ए’. दुसरा बाइट देवनागरीच्या पूर्वार्धात चार शिंगांचे वर्तुळ देतो आणि उत्तरार्धात येनचे चिन्ह. गंमत अशी की हे दोन भाग वेगळे होतात ते नेमके दोन वेलांट्यांच्या मध्ये : पहिली वेलांटी वर्तुळाच्या बाजूला, दुसरी वेलांटी येनच्या बाजूला. तिसऱ्या बाइटवरून अक्षर ठरते. ‘म’ म्हणजे नोंदणीकृत व्यापारचिन्हाची मुद्रा, ‘र’ म्हणजे अंशाचे शून्य, काना म्हणजे पाऊण, ‘ी’ म्हणजे युरोचे चिन्ह. आणि ‘ठ’? ‘ठ’च्या वाट्याला एक अदृश्य कोरी जागा येते. कुणी हा मजकूर उचलून दुसरीकडे नेला आणि वाटेत कोऱ्या जागा ‘साफ’ झाल्या, की आपल्या भाषेच्या नावातूनच ‘ठ’ निघून जातो.

याहून मोठे नुकसान पुढे आहे. विंडोजच्या त्या पश्चिम युरोपीय यादीत पाच जागा रिकाम्या ठेवलेल्या आहेत. देवनागरीतील ए, ऐ, झ, चंद्रबिंदू, पहिला उकार आणि अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह यांचे तिसरे बाइट नेमके याच रिकाम्या जागांवर पडतात. रिकाम्या जागी दिसण्यासारखे काही नसते. त्यामुळे अशा मजकुराची नक्कल केली की हे बाइट बहुधा गळून पडतात. ‘पुणे’चा उकार जातो. ‘झुंज’मधून ‘झ’ आणि उकार दोन्ही जातात. ‘महाराष्ट्र’मधील जोडाक्षराचे दोन्ही सांधे निखळतात. नंतर कुणी मजकूर पूर्ववत करायला बसला, तर त्या जागी त्याला काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह मिळते आणि मूळ चिन्ह अंदाजाने भरावे लागते. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत जिथे पाठ संशयास्पद वाटला, तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ दिलेली आहे. संगणकावर अशी पुनर्रचना करणारे सहसा कोणतीच खूण ठेवत नाहीत, आणि अंदाज हाच मूळ पाठ म्हणून पुढे चालू लागतो.

आता खास मराठीचे दुखणे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे शब्द आपल्याला वेगळे आहेत. एकात डोंगर आहेत, दुसऱ्यात समुद्र. ‘आचाऱ्यांना’ वाढायला सांगावे आणि ‘आचार्यांना’ जेवायला बोलवावे. ‘दऱ्या’तील तो आडवा, लहरीसारखा अर्धा ‘र’ हिंदीच्या नेहमीच्या लेखनात लागत नाही. युनिकोडच्या दस्तऐवजांत त्याला पापणीवरून नाव दिलेले आहे. तो साठवायचा कसा? १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीत एक मार्ग होता : साधा ‘र’, पायमोडीचे चिन्ह, आणि त्यापुढे शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह. पुढे इस्कीशी सुसंगत असा दुसरा मार्ग मान्य झाला, तो म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि पायमोडी. हा टिंबवाला ‘ऱ’ मुळात द्राविडी भाषांतील एक ध्वनी देवनागरीत लिहिता यावा म्हणून यादीत होता. मराठीने तो शेजारणीकडून मागून आणला असे म्हणायला हरकत नाही. जुना मार्गही चालू ठेवण्यात आला.

परिणामी पडद्यावर तंतोतंत सारखे दिसणारे शब्द आत दोन प्रकारे लिहिलेले असू शकतात, आणि युनिकोडचे नियम त्यांना एक मानत नाहीत. पहिल्या प्रकारातील अदृश्य जोडचिन्ह अनेक संगणक-प्रणाल्या कचरा समजून काढून टाकतात. मग सह्याद्रीच्या दऱ्यांत दर्या शिरतो. जावळीच्या ‘मोऱ्यांनी’ केलेल्या गोष्टी ‘मोर्यांनी’ केल्या असे छापले जाते, आणि एखादा उत्साही शुद्धलेखक त्याचे ‘मौर्यांनी’ करून मोकळा होण्याचा धोका उभा राहतो. लेखनिकाच्या एका चुकीवर दुसऱ्याची दुरुस्ती चढते ती अशी. (अदृश्य चिन्हांना कमी लेखू नये. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतील एका अक्षरसमूहामुळे आयफोनवरील संदेशांचे अॅप कोसळत होते, आणि त्या समूहात असेच एक शून्य रुंदीचे चिन्ह होते.)

वरच्या ओळीतील ‘अॅप’ तुमच्या पडद्यावर थोडे विस्कटलेले दिसले असेल, तर तो बिघाड मी मुद्दाम ठेवला आहे. ‘अ’वर चंद्र देऊन केलेल्या या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा नव्हती; लोक ‘अ’ आणि चंद्र वेगवेगळे लिहीत. ‘ॲ’ हे एकसंध चिन्ह २००८ साली पाचव्या आवृत्तीच्या पहिल्या सुधारणेत आले. कालनिर्णयासाठी हा उत्तम पुरावा आहे : ज्या मजकुरात एकसंध ‘ॲ’ आहे, तो त्या रूपात २००८च्या पूर्वीचा असू शकत नाही. रुपयाच्या ₹ या चिन्हाचेही तेच. ते जुलै २०१० मध्ये स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोडमध्ये आले. जुन्या यंत्रावर आकड्याच्या आधी रिकामी चौकट दिसली, तर तिथे बहुधा हेच चिन्ह आहे. अशा चौकटींना फॉन्टकार ‘टोफू’ म्हणतात, आणि गूगलच्या ‘नोटो’ या फॉन्टमालेचे नाव ‘टोफू नको’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून पडले आहे. चौकट हा सर्वांत निरुपद्रवी बिघाड. मजकूर आत सुरक्षित असतो, फक्त चित्र नसते.

‘ल’ आणि ‘श’ यांची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे काही मोडत नाही. फक्त वळण परके दिसते. मराठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ यांचा क्रमांक हिंदी वळणाच्या अक्षरांसारखाच आहे, त्यामुळे कोणते रूप दिसावे हे फॉन्टवर अवलंबून राहते. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये मराठी रूपांचा आग्रह धरणारा निर्णय काढला.

राहिली प्रश्नचिन्हे. देवनागरी मजकूर एखाद्या जुन्या प्रणालीत शिरला आणि तिच्या यादीत ती अक्षरे नसली, तर ती प्रत्येक चिन्हाच्या जागी साधे प्रश्नचिन्ह लिहून ठेवते. येथे मुखवटा काढून खाली काही सापडत नाही. मोजिबाके उलटा फिरवता येतो, हरवलेला फॉन्ट शोधता येतो, वेलांटी परत जागेवर नेता येते. प्रश्नचिन्हाखाली मात्र क्रमांकच बदललेला असतो. भग्न शिलालेखाच्या वाचनात अभ्यासक लुप्त अक्षरांची संख्या टिंबांनी दाखवतात, तेवढीच माहिती येथे उरते. ओळीत पाच प्रश्नचिन्हे सलग असतील, तर काना आणि वेलांटी धरून त्या शब्दात पाच चिन्हे होती, इतके खात्रीने सांगता येते. तो शब्द ‘मराठी’ असेल, ‘रायगड’ असेल किंवा ‘कविता’ असेल.